बेळगोळची धाकटी टेकडी

आमच्या शिरोळ-जयसिंगपूर भागातून मे महिन्याच्या सुट्टीत जैन यात्रेच्या गाड्या निघतात. मार्ग वर्षानुवर्षं ठरलेला : हुमचा, मूडबिद्री, कारकल, वेणूर, धर्मस्थळ आणि श्रवणबेळगोळ. बेळगोळला पोचेपर्यंत सगळे दमलेले असतात. आयोजक ओरडून सांगतो, ''वर जाऊन दर्शन करून या. बाराला भोजनशाळेत जेवण, दोनला गाडी सुटणार.'' मंडळी मोठी टेकडी चढतात, गोमटेशाच्या पायाशी डोकं टेकवतात, फोटो काढतात आणि उतरून जेवायला बसतात. समोरच्या धाकट्या टेकडीकडे बोट दाखवून कुणी विचारलंच, तर उत्तर मिळतं, ''तिथं काय, जुन्या बसद्या आहेत.'' बसदी म्हणजे जैन मंदिर.

मी हायस्कूलात इतिहास शिकवून निवृत्त झाले. आमचं घर चतुर्थ जैनांचं, शेतकऱ्यांचं. माझ्या आज्जीनं १९६७ चा महामस्तकाभिषेक पाहिला होता. मिरजेहून रेल्वेनं अर्सिकेरे आणि तिथून पुढं बसनं. दूध, हळद, केशर यांच्या धारांनी रंग बदलत जाणाऱ्या त्या मूर्तीचं वर्णन ती मरेपर्यंत करत असे, पण धाकट्या टेकडीचं नाव तिच्याही तोंडून मी कधी ऐकलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. बेळगोळला बेळगोळपण आलं ते धाकट्या टेकडीमुळे. मोठी मूर्ती हा त्या गोष्टीतला पुढचा अध्याय आहे आणि तो निदान पावणेचारशे वर्षं उशिरा सुरू होतो.

कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात, चन्नरायपट्टणच्या जवळ हे गाव आहे. मध्ये तळं, एका बाजूला मोठी टेकडी म्हणजे दोड्डबेट्ट, दुसऱ्या बाजूला धाकटी म्हणजे चिक्कबेट्ट. पोथीतली नावं विंध्यगिरी आणि चंद्रगिरी. मोठी जमिनीपासून सुमारे ४७० फूट उंच, साडेसहाशेच्या घरात पायऱ्या. धाकटी तिच्या निम्म्यानंही नाही, दोनशे फुटांच्या आसपास. दोन्ही नुसता काळा-करडा ग्रॅनाइट आणि दोन्हींवर अनवाणीच चढायचं. दहा वाजल्यानंतर तळपाय भाजतात, म्हणून पायथ्याशी मोजे विकणारी पोरं मागं लागतात. मोठ्या टेकडीसाठी डोलीवालेही असतात. धाकटीच्या पायथ्याशी अशी गर्दी नसते.

आता आकडे पाहा. बेळगोळचे शिलालेख बी. लुईस राइस यांनी १८८९ मध्ये पहिल्यांदा छापले, तेव्हा ते १४४ होते. आर. नरसिंहाचार यांनी १९२३ मध्ये आवृत्ती काढली, त्यात ५०० झाले. १९७३ च्या आवृत्तीत ५७३. यांतले २७१ धाकट्या टेकडीवर, १७२ मोठीवर, ८० गावात आणि ५० आसपासच्या खेड्यांत. म्हणजे निम्म्याच्या जवळपास लेख एका बसक्या टेकडीवर आहेत, आणि जुने लेख तर जवळजवळ सगळे तिथंच. जुन्या लेखांत या टेकडीला कटवप्र किंवा कळ्बप्पु म्हटलं आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जैनांच्या लेखी तीर्थ होतं ते कळ्बप्पु.

आणि ते तीर्थ होतं मरणाचं. हे जरा थांबून सांगायला हवं, कारण आमच्याकडच्या यात्रेकरूंनाही ते माहीत नसतं.

पार्श्वनाथ बसदीजवळ खडकावर कोरलेला सगळ्यांत जुना लेख साधारण इ.स. ६०० चा. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. उज्जयिनीत भद्रबाहूंना निमित्तज्ञानानं बारा वर्षांचा दुष्काळ येणार असं कळलं, तेव्हा सगळा संघ उत्तरेतून दक्षिणेकडे निघाला, हे त्यात सांगितलं आहे. पुढं प्रभाचंद्र नावाच्या आचार्यांनी आपलं आयुष्य थोडं उरलं हे ओळखून संघाला पुढं पाठवलं, एका शिष्यासह ते या डोंगरावर राहिले आणि इथंच त्यांनी देह ठेवला. कालांतरानं सातशे ऋषींनीही तसंच केलं, असं लेख म्हणतो. हा प्रभाचंद्र म्हणजेच दीक्षा घेतलेला चंद्रगुप्त मौर्य, असं परंपरा मानते. त्यावर विद्वानांची भांडणं शंभर वर्षांहून जुनी आहेत. फ्लीट यांना ही कथा पटली नाही, व्हिन्सेंट स्मिथ शेवटी तिच्याकडे झुकले. लेख आणि मौर्यकाळ यांच्यात नऊशे वर्षांचं अंतर आहे, तेव्हा या लेखानं चंद्रगुप्त सिद्ध होतो असं मी वर्गात कधी शिकवलं नाही. पण सातव्या शतकात लोक ही गोष्ट खरी मानून या डोंगरावर देह ठेवायला येत होते, हे मात्र निर्विवाद सिद्ध होतं. इतिहासाला तेवढं पुरे.

त्या लेखाभोवतीचा खडक बघावा. उघड्या, उतरत्या दगडावर जागोजागी चार-पाच ओळींचे लेख विखुरलेले आहेत. काहींभोवती आता कठडे आहेत, काहींवर काच आहे. दुपारच्या उन्हात तिथं काहीच दिसत नाही, फक्त खरखरीत दगड. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळीच्या ओळी वर येतात. मी गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं माझ्याच बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन एका उघड्या लेखावर शिंपडलं. दगड काळा पडला, खाचांत पाणी क्षणभर थांबलं आणि गोलसर, मोठाली अक्षरं स्पष्ट झाली. मला जुनी कन्नड लिपी वाचता येत नाही. त्यालाही येत नव्हती, पण कुठल्या दगडावर कोणाचं नाव आहे हे त्याला तोंडपाठ होतं. ''हे आर्यिकाचं,'' तो कन्नड-हिंदीच्या मिश्रणात म्हणाला.

अशी कितीतरी नावं आहेत. साधारण ७०० च्या सुमाराचा एक लेख नागमती गंतियर या साध्वीचा आहे. चित्तूरच्या मौनी गुरूंची ही शिष्या. तिनं तीन महिने व्रत पाळलं आणि देह ठेवला. संपला लेख. ना राजाचं नाव, ना दान, ना बिरुदं. इतिहास शिकवताना आपल्याला ताम्रपट आणि प्रशस्त्यांची सवय असते. एका ओळीत सात पदव्या असलेला राजा आणि दुसऱ्या ओळीत त्यानं दिलेली जमीन. इथं सातव्या-आठव्या शतकातल्या साध्यासुध्या मुनींची आणि आर्यिकांची नावं आहेत, त्यांच्या गुरूंची आणि गावांची नावं आहेत. त्या काळातल्या बायकांची नावं एका जागी इतक्या संख्येनं सापडणं ही मोठीच गोष्ट आहे. काही लेख कवितेत आहेत. नंदिसेन मुनींच्या लेखात रूप, धन, वैभव यांचं क्षणभंगुरपण इंद्रधनुष्य, वीज आणि दवबिंदू यांच्या उपमांनी सांगितलं आहे. कन्नड काव्याच्या इतिहासात त्या लेखाला मानाची जागा आहे.

एस. शेट्टर यांनी या निसिधी, म्हणजे मृत्युस्मारक, लेखांवर आयुष्यातली बरीच वर्षं घालवली. सल्लेखनेवरची त्यांची दोन इंग्रजी पुस्तकं १९८९ आणि १९९० मध्ये आली. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी ती वाचावीत. थोडक्यात नियम असा : म्हातारपण, दुष्काळ, बरा न होणारा रोग किंवा टाळता न येणारं संकट आलं, तर गुरूच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली, कुणाबद्दल राग-लोभ न ठेवता आहार हळूहळू कमी करत जायचं. रागाच्या किंवा दुःखाच्या भरात जीव देणं शास्त्राला मान्य नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं या प्रथेला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या भागात मूक मोर्चे निघाले. आमच्याकडे हा विषय पुस्तकी नाही. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर यमसल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला, तेव्हा सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांची तिकडे रीघ लागली होती. महाराज मूळचे आमच्याच दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातले. कळ्बप्पुच्या खडकापासून कुंथलगिरीपर्यंत तेराशे-साडेतेराशे वर्षांची ही एकच रीत आहे. ती पटो वा न पटो, समजून घ्यायची तर सुरुवात त्या खडकापासून करावी लागते.

राजेही इथं आले, आणि त्यांतला एक आपल्या इतिहासात पार हरवलेला आहे.

वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातलं, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. राष्ट्रकूटांचा शेवट कुठं झाला हे मात्र कुणी विचारत नाही. ९७३ मध्ये चालुक्य तैलपानं मान्यखेट जिंकलं. तिसऱ्या कृष्णाचा नातू इंद्र याला गादीवर बसवायचा प्रयत्न त्याचा मामा, गंग राजा मारसिंह यानं केला. तो फसला. मारसिंहानं राज्य सोडलं आणि ९७४ मध्ये बंकापुरात अजितसेन गुरूंच्या पायाशी सल्लेखनेनं देह ठेवला. त्याची प्रशस्ती धाकट्या टेकडीवरच्या कूगे ब्रह्मदेव खांबावर कोरली आहे. टेकडीवरच्या बसद्यांना वेढणाऱ्या भिंतीच्या दक्षिण दारातून आत शिरताना हा खांब लागतोच. भाचा आणखी काही वर्षं तग धरून राहिला. शेवटी ९८२ मध्ये तोही बेळगोळला आला आणि सल्लेखना घेऊन गेला. दोन शतकांहून जास्त काळ दख्खनवर अंमल गाजवणाऱ्या घराण्याचा हा शेवटचा दावेदार.

त्याचा लेख गंधवारण बसदीजवळच्या खांबावर आहे. त्यात त्याच्या लढायांपेक्षा जास्त जागा एका खेळाला दिली आहे. घोड्यावर बसून काठीनं चेंडू मारायचा खेळ, म्हणजे आजचा पोलो म्हणा. त्यात हा इंद्र किती तरबेज होता, चेंडू कसा वळवायचा, घोडा कसा फिरवायचा याचं वर्णन तपशिलानं केलं आहे. राज्य गेलं, मामा गेला, अन्न सोडलं, आणि लेख लिहिणाऱ्याला त्याच्याबद्दल सांगावंसं वाटलं ते हे. मला राष्ट्रकूटांच्या सगळ्या ताम्रपटांपेक्षा हा खांब जास्त आवडतो.

आता तारखा शेजारी ठेवा. समोरच्या मोठ्या टेकडीवर गोमटेशाची प्रतिष्ठा झाली ती सर्वसाधारणपणे ९८१ ची मानतात. म्हणजे इंद्र धाकट्या टेकडीवर शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा समोर ती मूर्ती नवी कोरी उभी होती, आणि ती उभारणारा चावुंडराय हा त्याच्याच मामाच्या पदरचा सेनापती, पुढं चौथ्या राचमल्ल गंगाचा मंत्री. डोळ्यांदेखत घराणी बुडत असताना या माणसानं डोंगराचं टोकच्या टोक कोरून सत्तावन्न-अठ्ठावन्न फुटांचा बाहुबली काढला. ज्यानं जिंकलेलं राज्य सोडून दिलं तोच पुरुष त्यानं निवडला, यात मला योगायोग दिसत नाही. पण हा माझा तर्क. चावुंडरायानं कारण लिहून ठेवलेलं नाही.

दंतकथा आहे ती अशी. त्याच्या आईनं, काळलदेवीनं, पोदनपूरच्या बाहुबलीच्या दर्शनाचा हट्ट धरला. मायलेक निघाले, बेळगोळला मुक्काम पडला. स्वप्नात दृष्टांत झाला की पोदनपूरची वाट बंद आहे, इथूनच बाण सोड. चावुंडरायानं बाण सोडला, समोरच्या टेकडीवर तो जिथं लागला तिथं मूर्तीचं रूप दिसलं. तो बाण सुटला धाकट्या टेकडीवरून. चावुंडरायाचा म्हणून एक मोठा दगड आजही तिथं दाखवतात. कथा रचणाऱ्यांनाही ठाऊक होतं की आधी इथं यायचं असतं.

मूर्तीबद्दल मी फार लिहीत नाही, इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मांड्यांच्या वर तिला मागं कसलाही आधार नाही, पायांशी वारुळं आणि त्यांतून डोकावणारे साप आहेत, अंगावर वेली चढल्या आहेत. आपल्या वेरूळच्या जैन लेण्यांत बाहुबली आहे, बदामी-ऐहोळेतही आहे, तिथंही वेली आहेत. पण तिथं तो भिंतीत कोरलेला आहे. इथं तो मोकळ्या आभाळाखाली चहूबाजूंनी दिसतो. मस्तकाभिषेकाचा लेखी उल्लेख १३९८ च्या लेखात आहे, त्यात पंडितार्य यांनी तो सात वेळा करवल्याचं म्हटलं आहे.

मराठी माणूस मूर्तीच्या पायाशी थांबतो तो दोन ओळींसाठी : 'श्रीचावुंडराजें करवियलें' आणि 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. शेजारी हीच माहिती कन्नड आणि तमिळमध्येही आहे. लहानपणी आम्हांला 'मराठीतला पहिला शिलालेख, ९८३' असं पाठ करायला लावलं होतं. शं. गो. तुळपुळे यांनी ते मान्य केलं नाही. दोन्ही ओळी एकाच हातच्या दिसतात, आणि दुसरीतला गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. त्यानं मूर्तीभोवतीचा ओवऱ्यांचा प्राकार बांधला तो १११७ च्या सुमारास, तेव्हा लेखही तेव्हाचाच. मला हेच बरोबर वाटतं. पहिलेपणाचा मान अलिबागजवळच्या आक्षीच्या १०१२ च्या लेखाला जाऊ द्यावा. बाराव्या शतकात बेळगोळला एवढे मराठी बोलणारे येत होते की त्यांच्यासाठी देवाच्या पायाशी मराठीत पाटी लावावी लागली, ही गोष्ट काही लहान नाही.

त्याच गंगराजाची दुसरी बाजू पुन्हा धाकट्या टेकडीवर दिसते. तिथं त्यानं आई पोचव्वेसाठी बसदी बांधली. कत्तले बसदी म्हणतात तिला. आत खरोखरच डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. त्याची बायको लक्ष्मी हिचीही बसदी तिथंच. विष्णुवर्धनाची राणी शांतलादेवी हिनं ११२३ मध्ये गंधवारण बसदी बांधली आणि तिची आई माचिकब्बे हिनं बेळगोळलाच सल्लेखना घेतली. चावुंडरायाच्या स्वतःच्या नावाची बसदीही याच टेकडीवर. बांधकाम म्हणून तीच इथली सर्वांत देखणी, आणि तिचा वरचा मजला त्याच्या मुलानं, जिनदेवणानं केला. मूर्ती मोठ्या टेकडीवर, पण घरची माणसं धाकटीवर, असा प्रकार.

कत्तले बसदीला लागूनच चंद्रगुप्त बसदी आहे, टेकडीवरची सर्वांत लहान. तिच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी जाळ्या आहेत. नव्वद चौकटींत भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांची कथा कोरली आहे, खाली दासोज या शिल्पकाराचं नाव. एकेक चौकट पोस्टकार्डापेक्षा फार मोठी नसेल. हत्ती, पालख्या, बसलेले मुनी, हात जोडलेली माणसं. मोबाईलचा उजेड समोरून टाकला तर सगळं सपाट दिसतं, बाजूनं धरावा लागतो. इथं निदान पाऊण तास हवा. गाईड इथं दोन मिनिटं थांबवतात आणि ''चंद्रगुप्त मौर्य, ओके?'' म्हणून पुढं निघतात.

टेकडीवरच्या लक्की दोणे या पाणवठ्याजवळच्या खडकावर नवव्या-दहाव्या शतकातल्या यात्रेकरूंची तीसेक नावं कोरलेली आहेत. तेव्हाही लोकांना 'मी इथं आलो होतो' असं दगडावर लिहायची खोड होती. फरक एवढाच की त्यांचं अक्षर बरं होतं. रन्न या कन्नड महाकवीची म्हणून दाखवतात ती 'श्री कविरत्न' ही अक्षरंही याच टेकडीवर आहेत.

गावात उतरल्यावर भंडारी बसदी चुकवू नये. होयसळांचा खजिनदार हुळ्ळ यानं ती ११५९ मध्ये बांधली. चोवीसही तीर्थंकर एका रांगेत आहेत. तिथं विजयनगरच्या बुक्करायाचा १३६८ चा लेख आहे. जैन आणि श्रीवैष्णव यांच्यात तंटा झाला, जैनांनी राजाकडे दाद मागितली. राजानं निवाडा दिला की दोघांत भेद मानू नये, आणि नुसत्या उपदेशावर न थांबता व्यवस्थाही लावली. जैनांच्या घरटी वर्षाला एक हण (तेव्हाचं नाणं) गोळा करायचा, त्यातून बेळगोळच्या देवाला वीस राखणदार नेमायचे आणि उरलेल्या पैशात पडक्या जिनालयांना चुना लावायचा. हा पैसा गोळा करायचं काम दिलं कुणाकडे, तर तिरुमलैच्या तातय्याकडे, म्हणजे वैष्णवाकडेच. बुक्करायाला माणसं ओळखता येत होती. पुढं १६३४ मध्ये देवस्थानच्या गहाण पडलेल्या जमिनी म्हैसूरच्या चामराज वोडेयरनं सावकारांकडून सोडवल्या, त्याचाही लेख आहे. देवस्थानं कशावर चालतात हे या दोन लेखांतून जेवढं कळतं तेवढं पुराणांतून कळत नाही.

पुढचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांच्या हिशेबानं २०३० मध्ये यायचा. तेव्हा आमच्याकडून गाड्यांच्या रांगा लागतील आणि धाकट्या टेकडीवर तेव्हाही शुकशुकाट असेल. जे त्याआधी जातील त्यांना एवढंच सांगते : मुक्कामाला आदल्या रात्री पोचा, सकाळी दार उघडल्याबरोबर धाकटी टेकडी चढा, बरोबर कन्नड वाचणारा कुणी असेल तर उत्तम. पार्श्वनाथ बसदीजवळचा खडक, कूगे ब्रह्मदेवाचा खांब, इंद्राचा खांब आणि दासोजाच्या जाळ्या, या क्रमानं बघा. आणि गाडी दोनला सुटणार असेल, वेळ एकाच टेकडीपुरता असेल, तरीही हीच चढा. गोमटेश खालच्या रस्त्यावरूनही दिसतो. नागमती गंतियरचं नाव वाचायला त्या खडकाशीच जावं लागतं.